वही बुडवल्यानंतरची प्रार्थना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत गणपती विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे बाप्पाला सांगून माणसे घरी परतली होती आणि थकून झोपली होती. काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीचे ढिगारे झाली. मृतांची मोजदाद आठ ते दहा हजारांच्या दरम्यान झाली आणि बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. दहा दिवस ज्याला विघ्नहर्ता म्हणून पूजले, त्याला निरोप देऊन एक रात्रही सरली नव्हती. म्हणून त्या ढिगाऱ्यांवर उभ्या राहिलेल्या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. देवाला विसरलेल्या माणसांवर हे संकट आले असते, तर निदान तसे म्हणायची सोय तरी होती. इथे आरती म्हणून झाली होती, प्रसाद वाटून झाला होता. मग प्रार्थनेने नेमके काय केले? आणि काहीच केले नसेल, तर पुढच्या भाद्रपदात पुन्हा हात का जोडायचे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे बहुधा दोन बाजूंनी गप्प केले जाते. श्रद्धावान म्हणतात, देवाच्या करणीला जाब विचारू नये. अश्रद्ध म्हणतात, देवच नाही, तेव्हा प्रश्न कसला? दोघांनाही प्रश्न लवकर मिटवायचा असतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न मिटवण्याची घाई करू नये, कारण तो आपल्याला आपल्या श्रद्धेचे दोन भाग वेगळे करून दाखवतो. एक भाग हिशोबाचा आहे: इतके उपवास, इतके नवस, इतके सदाचरण, आणि त्या बदल्यात इतके संरक्षण. दुसरा भाग नात्याचा आहे. त्यात माणूस आपले सुखदुःख, राग, भीती आणि कृतज्ञता कुणापुढे तरी ठेवतो, आणि तसे ठेवल्याने जगाकडे पाहण्याची त्याची नजर घडते. भूकंप, पूर, दरड यांनी पहिला भाग खोटा ठरतो, आणि तो पुन्हा उभा करू नये. दुसरा भाग मात्र त्यांनी आपोआप खोटा ठरत नाही. इतकेच नव्हे, हिशोबाचा भाग सोडून दिल्याशिवाय दुसरा प्रामाणिकपणे जगताच येत नाही.

आधी पुरावा पाहू. किल्लारीत माणसे कशाने मेली? जमीन हलल्याने क्वचितच कुणी मरते. माणसे मेली ती घरे अंगावर पडल्याने. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे ओबडधोबड दगडांच्या, मातीने सांधलेल्या जाडजूड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे माळवद. उन्हाळ्याच्या तडाख्यात असे घर गार राहते, म्हणून ते शहाणपणाचेच होते. गळती थांबवायला माळवदावर मातीचे नवे थर चढत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराचे वजन वाढत राहिले. मातीतला सांधा आडव्या हिसक्याला टिकला नाही, भिंती फाकल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याच गावांत कुडाच्या, गवताने शाकारलेल्या किंवा पत्र्याच्या घरांत राहणारी माणसे तुलनेने अधिक वाचली. आता चार वर्षे मागे जाऊ. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीची तीव्रता ६.२ होती; म्हणजे तिकडे मुक्त झालेली ऊर्जा सुमारे दहापट होती. तिथे ६३ माणसे दगावली. तिथल्या लोकांची प्रार्थना अधिक खरी होती आणि सास्तूरच्या लोकांची खोटी, असे कुणी शुद्धीवरचा माणूस म्हणणार नाही. कोण जगले, कोण गेले याची निवड छपराच्या वजनाने केली. पुण्याच्या वजनाने निवड झाल्याची खूण या साऱ्यात कुठेही सापडत नाही.

तरीही पापाचे स्पष्टीकरण प्रत्येक आपत्तीनंतर परत येते, आणि ते फक्त अडाणी माणसांकडून येते असे समजणे चूक आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळमध्ये झालेल्या प्रचंड भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी सांगितले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. ज्या पापाविरुद्ध ते उभे होते ते पाप खरेच होते. त्यांची तळमळही खरी होती. पण रवींद्रनाथ ठाकुरांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती हरकत आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापून तिला उत्तर दिले. रवींद्रनाथांचे म्हणणे दुहेरी होते. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, हे एक. आणि दुसरे अधिक मर्मभेदी: निसर्गाच्या कोपातून नैतिक निकाल वाचायची मुभा एकदा दिली, की सनातन्यांनाही ती मिळते, तेही म्हणू शकतील की अस्पृश्यता मोडायला निघालेल्या गांधींमुळेच धरणी कोपली. इथे चर्चा संपायला हवी होती, पण तसे झाले नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथला प्रलय आला, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध त्याच सुमारास जलविद्युत प्रकल्पासाठी हलवलेल्या धारीदेवीच्या मूर्तीशी जोडला. प्रत्येक वेळी आरोपी बदलतो आणि पुरावा मात्र तोच, म्हणजे प्रेतांचे ढीग. ज्या पुराव्यातून कोणताही निकाल काढता येतो, त्यातून वास्तविक कोणताच निकाल निघत नाही. बिहारमध्ये ढिगाऱ्याखाली अस्पृश्य मानली गेलेली माणसेही दबली होती, एवढी एकच गोष्ट त्या स्पष्टीकरणाला पुरून उरते.

या विचाराचे सर्वांत भक्कम रूप आपल्या तत्त्वज्ञानात आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर दोन आरोप विचारात घेतले आहेत: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. जगात एक सुखी, दुसरा दुःखी. मग जग निर्माण करणारा अन्यायी आणि क्रूर ठरत नाही का? शंकराचार्यांनी भाष्यात दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या बियांवर सारखाच पडतो. भात आणि जव वेगळे उगवतात ते बीजाच्या वेगळेपणाने. तसे माणसांचे भोग त्यांच्या कर्मबीजांप्रमाणे असतात आणि कर्माची ही साखळी अनादि आहे. युक्तिवाद सुबक आहे. पण तो नेमका कोणत्या कामासाठी रचला आहे, हे पाहिले पाहिजे. आचार्यांना ईश्वरावरचा आरोप खोडायचा होता. मेलेल्या माणसांवर आरोपपत्र ठेवायचे नव्हते. ‘भोगामागे कर्म आहे’ हे सर्वसाधारण विधान आणि ‘या चार वर्षांच्या पोरीने अमुक केले होते म्हणून तिच्यावर माळवद पडले’ हे विधान, यांच्यात मोठी दरी आहे. ती ओलांडण्याचा अधिकार परंपरा कुणालाच देत नाही. कर्माची गती गहन आहे असे ती वारंवार सांगते, याचा अर्थच हा की दुसऱ्याचे खाते वाचायला आपण जाऊ नये. शिवाय त्या परंपरेच्या शेजारीच दुसरे, वेगळे उत्तर उभे आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले आहे की माणसाला जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काहीजण म्हणतात. ते बरोबर आहे का? बुद्ध ते नाकारतो. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतुबदल, हलगर्जीपणा, बाहेरून झालेला आघात अशी कारणे तो मोजतो आणि कर्म हे त्यांपैकी केवळ एक कारण म्हणून शेवटी ठेवतो. सगळेच पूर्वकर्माने होते म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि जगात मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असे त्याचे म्हणणे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी या भूमीत इतके स्पष्ट बोलले गेले होते.

पापाच्या स्पष्टीकरणाची एक गोड बहीण आहे, आणि तिच्याकडे आपण सहसा कठोरपणे पाहत नाही. ती म्हणजे वाचलेल्याची कृतज्ञता. केदारनाथला चोराबाडी तलाव फुटून पाणी आणि दगडगोटे खाली आले, तेव्हा एक प्रचंड शिळा मंदिराच्या मागे येऊन अडकली आणि लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी गेला. मंदिर उभे राहिले. त्या शिळेला भीमशिला हे नाव मिळाले आणि लोक तिची पूजा करू लागले. मंदिर टिकल्याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण ‘देवाने मंदिर वाचवले’ हे वाक्य पूर्ण उच्चारायचे, तर त्याच्या पुढे दुसरे वाक्य येते: त्याच रात्री आणि दुसऱ्या सकाळी, त्याच देवाच्या दर्शनाला आलेले हजारो यात्रेकरू, त्यांची सेवा करणारे घोडेवाले आणि पालखीवाले त्याने वाचवले नाहीत. भक्ताच्या देहापेक्षा स्वतःचे दगडी घर ज्याला प्रिय आहे असा देव कोणत्या भक्ताला हवा आहे? म्हणून जो वाचला त्याने ‘मी वाचलो, हे माझ्या हातात नव्हते’ असे म्हणून नम्र व्हावे. ते खरे आहे. ‘मला वाचवले’ असे जाहीरपणे म्हणताना मात्र त्याने जिभेला आवर घालावा, कारण न वाचलेल्यांच्या घरात त्या वाक्याचा अर्थ ‘तुमच्या माणसाला सोडून दिले’ असा होतो.

इथे अश्रद्ध वाचक म्हणेल, एवढे कबूल केल्यावर श्रद्धेत उरले काय? हा आक्षेप नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमधली चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आणि घरांतल्या चुलींनी आगी पेटल्या, आणि नदीकडे धावलेल्यांवर समुद्राची लाट आली. हे जग सर्व संभाव्य जगांतले उत्तम जग आहे, असे मानणारे तत्त्वज्ञान युरोपात तेव्हा प्रतिष्ठित होते. व्होल्तेअरने कविता लिहून त्याच्यावर हल्ला चढवला. रूसोने त्याला पत्र लिहून आठवण दिली की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे एका ठिकाणी निसर्गाने गोळा केली नव्हती. दोघांचेही खरे होते. पण मला या साऱ्यात अधिक महत्त्वाची वाटते ती तिसरी घटना. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने देशभरच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी मागे हटला का, किती घरे पडली, किती माणसे गेली. आपत्तीनंतर ‘का’ विचारणाऱ्या धर्मपीठाला कुणीतरी ‘कसे’ आणि ‘किती’ विचारायला लावले. भूकंपशास्त्राच्या जन्मकथेत या प्रश्नावलीला म्हणूनच स्थान आहे. मला तिच्यात शास्त्राइतकीच धर्माचीही सुधारणा दिसते. मेलेल्यांची नीट मोजणी करणे, ते कसे मेले हे जाणून घेणे, ही त्यांच्याविषयीच्या आदराची पहिली पायरी आहे.

पण ‘कसे’ हे कळल्याने ‘का’ संपत नाही, हे अश्रद्धानेही मान्य करायला हवे. सगळे दोष बांधकामाच्या माथी मारता येत नाहीत. किल्लारीचा भूभाग त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिथे धक्के जाणवले होते, तरी दख्खनच्या त्या जुन्या, स्थिर मानल्या गेलेल्या खडकाखाली काय शिजते आहे, हे कुणाला सांगता आले नाही. म्हणजे ज्ञानानेही तिथल्या माणसाला एक आश्वासन दिले होते आणि तेही खोटे ठरले. फरक पुढे पडला. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाल्यावर नकाशा बदलला गेला होता; किल्लारीनंतर, २००२ मध्ये, तो पुन्हा बदलला आणि सर्वांत कमी धोक्याचे ते क्षेत्रच रद्द झाले. शास्त्राची इभ्रत कधीही न चुकण्यात नसते. चूक झाली की वचन मागे घेऊन नकाशा नव्याने काढण्यात ती असते. श्रद्धेकडून मी एवढीच अपेक्षा करतो. भक्त सुखरूप राहील असे वचन तिने आपल्या नकाशावर लिहिले असेल, तर ते खोडावे. ते खोडल्याने देव खोडला जातो, असे मानणाऱ्यांनी देव आणि विमा यांत गल्लत केली आहे.

यावर श्रद्धावानाचा खरा, हळवा आक्षेप असा: ज्या बाईचे सगळे घर गेले, तिच्याकडे ‘देवाची इच्छा’ एवढे दोनच शब्द उरले आहेत; तुमचा तर्क तेही काढून घेणार का? नाही. इथे एक भेद फार जपून करावा लागतो. स्वतःच्या दुःखाविषयी माणूस जे बोलतो ते विधान नसते, तो श्वास असतो. त्या बाईने ‘देवाची इच्छा’ म्हटले, तर तिला दुरुस्त करायला जाणारा माणूस क्रूर आहे. पण तेच शब्द तिच्याविषयी दुसऱ्याने उच्चारले की त्यांची जात बदलते. कंत्राटदाराने म्हटले तर तो सुटतो. अधिकाऱ्याने म्हटले तर फाईल बंद होते. धर्मोपदेशकाने म्हटले तर त्याचे तत्त्वज्ञान शाबूत राहते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे गेली. उताराला धरून राहणाऱ्या माणसांना डोंगर का सोडता आला नव्हता, पाणी कुठे मुरत होते, या प्रश्नांवर दुसऱ्या कुणीतरी ‘देवाची इच्छा’ असे झाकण ठेवणे हा देवाचाही अपमान आहे. तेव्हा नियम साधा आहे. दुःखाचा अर्थ लावण्याचा पहिला हक्क ज्याचे दुःख त्याचा. बाकीच्यांनी अर्थ सांगू नये; ढिगारा उपसावा, भाकरी द्यावी, आणि पुढचे घर हलके व पक्के बांधावे.

मग प्रार्थनेचे काय? महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की धर्म पाळणाऱ्यांच्या वाट्याला वनवास आणि अधर्म्यांच्या वाट्याला राज्य, हा कसला विधाता? मुलाने खेळणी जोडावी-मोडावी तसा तो माणसांशी खेळतो, असे ती म्हणते. युधिष्ठिर तिला नास्तिकपणाबद्दल बोल लावतो, धर्माला फळ असतेच असेही बजावतो. पण त्याच्या बोलण्याचा गाभा वेगळा आहे: फळाच्या आशेने मी धर्म आचरत नाही, जो धर्माचा व्यापार करतो तो धर्म मानणाऱ्यांत सर्वांत हीन. दोघांना समोरासमोर ठेवले की दिसते, दोघांनीही एकच वही नाकारली आहे. हिशोब जुळत नाही हे द्रौपदीने दाखवले, आणि हिशोब हा मुद्दाच नव्हता हे युधिष्ठिराने. मला दोघेही हवेत. युधिष्ठिराशिवाय द्रौपदी कडवट होईल आणि द्रौपदीशिवाय युधिष्ठिर कोरडा.

वारकरी संतांकडे हे दोन्ही स्वर एकाच गळ्यात आहेत. त्यांनी विठ्ठलाला आळवले तसे खडसावलेही. भक्ताने देवाशी भांडणे हा आपल्याकडे भक्तीचाच एक प्रकार मानला गेला. चोखोबांचा अंत आठवावा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ती भिंत कोसळून ते इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या भक्तांपैकी एक, भिंतीखाली. परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. देवाने हात देऊन भिंत तोलून धरली, असा चमत्कारही तिने रचला नाही. तिने रचलेली कथा वेगळी आहे: नामदेव तिथे गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते ती त्यांनी वेचून पंढरपुरी आणली. कथेत देव भिंत थांबवत नाही. भिंत पडल्यानंतर एक संत दुसऱ्याला ढिगाऱ्यातून शोधून काढतो. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याला महाद्वारासमोर जागा मिळते. संरक्षणाचे वचन न देणारी श्रद्धा कशी दिसते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणि तुकोबा. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यवसाय बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. त्यांनी स्वतःच्या अभंगात हे सांगितले आहे आणि त्याला कोणताही मुलामा दिलेला नाही. त्यांना नंतरही देव सापडला, पण तो नवसाला पावणारा देव नव्हता. नवसाने संतती होते या समजुतीवर तर त्यांनी उघड प्रहार केला. दुष्काळानंतर त्यांनी केलेल्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. देहूचे पडझड झालेले विठ्ठल मंदिर त्यांनी दुरुस्त केले. आणि परंपरा सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची स्वतःच्या वाट्याची कागदपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली. या दोन कृती एकत्र पाहाव्यात. ज्याचे सर्वस्व निसर्गाने नेले तो देवाकडे थकबाकी मागायला गेला नाही, आणि माणसांकडची थकबाकीही त्याने सोडून दिली. देऊळ उभे राहिले, पण वही बुडाली. आपत्तीनंतरच्या श्रद्धेला हाच क्रम शोभतो, असे मला वाटते.

शेवटचा आक्षेप असा की मग ही प्रार्थना म्हणजे नुसती मनाची समजूत. ऐकणारा असो नसो, फरक काय? फरक आहे. आक्रोशाला ऐकणारा लागतो. निदान ऐकणारा असावा अशी ओढ लागते. ‘हे असे व्हायला नको होते’ असे आपण भूकंपानंतर म्हणतो, तेव्हा खडकांच्या हालचालीला आपण एक अशी कसोटी लावत असतो जी खडकांनी आपल्याला शिकवलेली नाही. ती कसोटी माणसाच्या काळजात कुठून आली, याचे उत्तर कुणी देव म्हणून देईल, कुणी करुणा म्हणून. त्यावर मतभेद राहू देत. पण त्या कसोटीला रोज जागे ठेवण्याचे काम प्रार्थना करू शकते, आणि ते काम झाले की नाही हे तपासताही येते. प्रार्थनेवरून उठलेला माणूस भिंतीकडे पाहतो का? शेजारच्या वस्तीची वाट, तिचा उतार, तिचे छप्पर त्याला दिसते का? दिसत असेल तर ती प्रार्थना पोचली असे म्हणायला हरकत नाही, कुठे पोचली याचा वाद न घालताही. आणि तिने भिंतीकडे पाठ फिरवायला शिकवले असेल, तर ती कितीही सुरात म्हटलेली असो, ती जुनीच वही आहे.

अनंत चतुर्दशी दरवर्षी येते, आणि तिच्यात या विचाराचे बीज पहिल्यापासूनच आहे. आपण मातीचा देव घडवतो, त्यात प्राण आहेत असे मानतो आणि ठरल्या दिवशी आपल्याच हातांनी त्याला पाण्यात सोडतो. मातीने घेतलेला कोणताही आकार, मग तो देवाचा का असेना, कायम राहत नाही हे ज्या विधीने शिकवले, त्याच विधीकडून मातीच्या माळवदाची हमी मागणे ही आपली चूक होती, विधीची नव्हे. निरोपाच्या त्या शब्दांत संरक्षणाची अट नाहीच. ‘पुन्हा या’ एवढेच आहे. किल्लारीच्या नव्या वसाहतींतही गणपती बसतात, आणि त्या सणाला लागूनच आलेली ती पहाट तिथल्या माणसांना विसरता येत नाही. पुन्हा या, असे ती माणसे म्हणतात तेव्हा त्यांना पुरते माहीत असते की येणारा भूकंप थांबवणार नाही. तरीही ती बोलावतात. या बोलावण्यात देणे-घेणे काहीच उरलेले नाही, म्हणून त्याला प्रार्थना म्हणायला मी तयार आहे.